आधी थांबणार कशी, ते सांगा!

गाडीत शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईचा पाय कधी नीट पाहिलाय? समोरून उसाची जोडट्रॉली डुलत येते, मध्येच एखादी मोटारसायकल घुसते आणि तिचा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिच्यापुढे ब्रेक नसतो, असते ती नुसती रबरी चटई. तरी ती जीव खाऊन दाबते! घरोघरी यावरून चेष्टा चालते. 'चटईला भोक पडेल हं' वगैरे. मला मात्र त्या पायाचं कौतुक वाटतं. बाकीची मंडळी गाडी किती पळते याचं कौतुक करत असतात, तेव्हा ती वेळेवर थांबेल ना, ही काळजी तो एकटा पाय करत असतो.

तर मैत्रिणींनो, आज या पानावर ब्रेक आणि गिअरबॉक्स! वाळवणं आणि दिवाळीचा फराळ यांच्यामध्ये हे कुठून आलं, असं वाटेल. पण जुनी गाडी नव्याने सजवायचं वेड आता आपल्या गावांतही पोचलंय. पैसे घरातूनच जातात आणि त्या गाडीत आपणच लेकराबाळांसकट बसतो. मग त्यातलं चार गोष्टी आपल्याला कळायला नकोत का?

ताकद सहा गाड्यांची, ब्रेक एकीचाच

आमच्या पुतण्याच्या मोबाईलवर सारखे 'मसल कार'चे व्हिडिओ चालू असतात. मसल म्हणजे स्नायू. साठच्या दशकात अमेरिकेत निघालेल्या या दोन दारांच्या, दणकट इंजिनाच्या गाड्या. १९६४ साली आलेली पाँटियाक जीटीओ ही त्यातली गाजलेली. तिचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं. आपल्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी आठवते ना? तिचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे जेमतेम एक लिटरच्या वर. साधारण सहा पद्मिनींची इंजिनं एकत्र बांधावीत, एवढा तो ऐवज!

गंमत पुढेच आहे. एवढं दांडगं इंजिन दिलं, पण मूळच्या जीटीओला चारही चाकांना ब्रेक होते ते साधे ड्रमचे. पद्मिनीलाही ड्रमचेच. १९६४ मध्येच आलेल्या फोर्ड मस्टँगचीही सुरुवात ड्रमनेच झाली. या मस्टँगची एक गोष्ट आपल्या पानासाठीच घडली असावी. ती अधिकृतपणे बाजारात यायच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिल १९६४ रोजी, शिकागोतल्या गेल वाइज नावाच्या २२ वर्षांच्या शिक्षिकेने एक निळी मस्टँग विकत घेतली. मस्टँगची पहिली ग्राहक म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पुढे ती गाडी कित्येक वर्षं गॅरेजमध्ये बंद पडून होती. मग तिच्या नवऱ्याने ती दुरुस्त केली.

पेट्रोल महागलं, धुराचे नियम कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि सत्तरच्या दशकात मसल कारचा जमाना ओसरला. पण हौशी लोकांनी त्या गाड्या जपल्या. आज अमेरिकेत अशी जुनी गाडी रस्त्यावर आणायची झाली, की जाणता माणूस इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक बदलतो. त्यानंतर गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा एक्सल. कारण शाळेत शिकलेलं एक गणित आहे. वेग दुप्पट झाला, की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. चाळीसच्या वेगात गाडी थांबवायला जे लागतं, त्याच्या चौपट ऐंशीला लागतं. इंजिन वाढवलं आणि ब्रेक तसेच ठेवले, तर ती गाडी सजवली म्हणायची की बिघडवली?

कळंबचं अमेरिकेशी नातं

'अमेरिकेतल्या गाड्यांशी आपल्या कळंबचा काय संबंध?' असं कोणी म्हणेल. संबंध आहे बरं का! आमच्या कळंबच्या शिवारात, नीरेच्या काठी, १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी ऊस आणि साखर कारखाना उभा केला. ते आजचं वालचंदनगर. याच वालचंदशेठनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीबरोबर मुंबईत कुर्ल्याला मोटारी बनवायला घेतल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो ही त्या गाड्यांची नावं. त्या काही मसल कार नव्हत्या. साध्या, ऐसपैस, कुटुंबाच्या गाड्या होत्या. पण ज्या डॉज आणि प्लिमथचे बिल्ले कुर्ल्यात गाड्यांना लागले, त्याच बिल्ल्यांच्या चार्जर आणि रोड रनर या गाड्या पुढे साठच्या दशकात अमेरिकेत मसल कार म्हणून गाजल्या.

क्रायसलरची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १९२४ सालच्या त्यांच्या पहिल्याच गाडीला चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक होते. त्या काळी कित्येक गाड्यांचे ब्रेक तारांनी आणि दांड्यांनी ओढले जात. ब्रेक चांगला म्हणून गाडी घ्या, अशी जाहिरात करता येते, हे शंभर वर्षांपूर्वीच कोणाला तरी सुचलं होतं!

प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाटशी हात मिळवला. त्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. आणि गिअरबॉक्सचं म्हणाल, तर वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांपासून नौदलाच्या जहाजांपर्यंतचे गिअर बनलेत. आमच्याकडच्या कित्येक घरांत गिअर हा शब्द डब्याबरोबर येतो-जातो. घरातल्या बायांनाच तेवढा तो परका का राहावा?

पातेलं आणि सांडशी

आता ड्रम आणि डिस्क म्हणजे काय ते स्वयंपाकघरातूनच बघू. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक पालथं पातेलं. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन तुकडे असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. त्यावर लायनर चिकटवलेलं असतं. पेडल दाबलं, की हे दोन्ही शू फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. गाडी थांबते.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी पकडायला कॅलिपर असतं. आपली सांडशीच म्हणा ना! पेडल दाबलं, की सांडशी थाळीला चिमटीत धरते.

फरक कुठे पडतो? तापण्यात. घासलं की तापणारच. झाकलेल्या पातेल्यातली वाफ बाहेर पडत नाही, तशी ड्रममधली उष्णता आतच कोंडते. दिवे घाटातून ब्रेक दाबत दाबत उतरताना ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ड्रममध्ये पाणी शिरलं, तर लवकर वाळतही नाही. उघडी थाळी मात्र वाऱ्याने गार होते आणि फिरता फिरता पाणी झटकून टाकते. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां गावच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली, तेव्हा हे साऱ्या जगाला दिसलं.

म्हणून जुन्या मसल कारला पहिल्यांदा पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवतात. पुढच्याच का? एसटीने कचकन ब्रेक मारला, की आपण सगळे पुढे जातो. तसंच गाडीचं वजनही पुढे झुकतं. त्यामुळे थांबवायचं जास्त काम पुढची चाकं करतात. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जोरात लागले, तर मागची चाकं जाम होऊन गाडी गर्रकन फिरू शकते. ते होऊ नये म्हणून मागे जाणारा तेलाचा दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह बसवतात. आणखी एक अडचण येते. जुन्या गाड्यांची चाकं १४ इंची, त्यात मोठी थाळी मावत नाही. मग रिमही मोठे घ्यावे लागतात. एक बदललं, की दुसरं बदलावं लागतं, हे साडीवर मॅचिंग घेणाऱ्या आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको!

दुसरा महत्त्वाचा बदल मास्टर सिलिंडरचा. पेडलखाली एक सिरिंजसारखी नळी असते. तिच्यातून तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ही एकच सोय असायची. एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले! अंगणातले सगळे कपडे एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखं. दोरी तुटली, की सगळेच मातीत. म्हणून दोन वेगळे भाग असलेला मास्टर सिलिंडर आला. एक भाग निकामी झाला, तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचंच झालं. आपल्याकडचे मेकॅनिक याला 'टँडम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

जोर चाकापर्यंत पोचतो कसा?

इंजिनातला जोर आधी क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जातो, तिथून लांब प्रोपेलर शाफ्टने मागे आणि मग डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना. ही सगळी साखळी आहे आणि साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी. इंजिन मोठं बसवलं आणि बाकी जुनंच ठेवलं, तर क्लच घसरतो, शाफ्टचे क्रॉस तुटतात, नाहीतर मागचा एक्सल मान टाकतो. चालत्या गाडीचा शाफ्ट निखळणं म्हणजे काय, ते ट्रकवाल्या घरातल्या बायकांना विचारा.

जुन्या मसल कारना तीन किंवा चार गिअर असत. हौशी लोक आता पाच-सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. वरच्या गिअरला इंजिन कमी फिरतं आणि गाडी त्याच वेगाने जाते. आवाज कमी, झीज कमी, इंधनही कमी. गिअरच्या सायकलवर सपाट रस्त्याला पेडल कमी मारावं लागतं, तसंच. डिफरन्शियलही सुधारतात. उसाच्या फडात फसलेली गाडी पाहिलीय ना? एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. तसं होऊ नये म्हणून दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं खास डिफरन्शियल मिळतं.

आणि हीच साखळी ब्रेकचंही काम करते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे स्वतःच्या हाताने ही मदत तोडणं.

आमच्या अंगणातली जीप

आता घरचं सांगते. जीपही मूळची अमेरिकनच. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने बनवलेली. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेली एक जीप आमच्या अंगणात आहे. खतं-बियाणं, लग्नाची वऱ्हाडं, आळंदीची वारी, सगळं तिने केलं. आबांचा तिच्यावर इतका जीव, की विकायचा विषय काढला तर जेवत नाहीत.

मी कार शिकलेली आहे. पण जीपला माझा हात लागत नव्हता, कारण तिचा ब्रेक दाबायला सीटवरून निम्मं उठून सगळं वजन घालावं लागायचं. 'जीप बाईमाणसाचं काम नाही' हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. आमच्या ह्यांची कारखान्यात पाळी असते. रात्रपाळीला घरात मी, मुलं आणि ऐंशीच्या पुढचे आबा. दमा उसळला, की बारामतीला न्यायचं. दारात गाडी उभी असताना मी शेजाऱ्यांचं दार वाजवत असे.

दोन वर्षांपूर्वी उसाचं बिल आलं आणि पुतण्याने बेत मांडला. जीपला मोठं टर्बो इंजिन, हातभर रुंद टायर आणि पुढे चार दिवे! मुलाने हौसेने सगळं कागदावर काढून आणलं होतं. मी विचारलं, "हे सगळं छान आहे रे, पण थांबणार कशी?" तो म्हणाला, "काकू, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." मी म्हटलं, "नाही कळत ना, म्हणूनच विचारते. समजावून सांग."

त्याला सांगता येईना. मग आम्ही दोघं मिळून बारामतीच्या एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पुतण्याचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी बरोबर विचारतात. मोठा टायर घातला, तर ब्रेकला आणखी जास्त जोर लागेल. आधी ब्रेक, मग गिअरबॉक्स, इंजिनाचं सगळ्यात शेवटी बघू."

ब्रेकला एवढा जोर का लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. जीपला बूस्टर नव्हता! त्या काळच्या कित्येक गाड्यांना नसायचा. बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसणारा एक गोल डबा. हवेच्या ओढीने तो आपल्या पायाचा जोर कितीतरी पटीने वाढवतो. पेट्रोलच्या गाडीत ही ओढ इंजिनाकडूनच मिळते. डिझेलला अल्टरनेटरबरोबर छोटा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. एवढंच! इतकी वर्षं मला वाटत होतं, की माझ्या अंगात ताकद कमी आहे. कमी होता तो एक डबा.

काम महिनाभर चाललं. पुढे डिस्क, टँडम मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पंप, ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या. मागे ड्रमच ठेवले, हँडब्रेकही त्यांच्यावरच. क्लच प्लेट आणि शाफ्टचे क्रॉस नवे घातले आणि चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स. इंजिन आबांच्या वेळचंच, फक्त नीट करून घेतलं. खर्च किती? एका चांगल्या पैठणीपेक्षा जास्त आणि सोन्याच्या गंठणापेक्षा कमी, एवढं सांगते!

आधी मोकळ्या माळावर चालवून बघितली. पाय नुसता टेकवला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. पाचव्या गिअरमध्ये तर गाडीत बोललेलं ऐकू येऊ लागलं. गेल्या थंडीत रात्री अकराला आबांना धाप लागली, तेव्हा मी कोणाचंही दार वाजवलं नाही. भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागे लाल पट्टीही नसते. दोनदा एकदम थांबावं लागलं. थांबलो. आबा दवाखान्यात पोचले, दोन दिवसांनी घरी आले. आता पुतण्याच मित्रांना सांगत असतो, "आधी ब्रेक!"

माहेरी निघालेली बर्था

'बायकांना गाडीतलं काय कळतं' म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट हमखास सांगते. मोटारीचे जनक म्हणून कार्ल बेंझ यांचं नाव आपण शाळेत वाचलं. त्यांची पत्नी बर्था. ऑगस्ट १८८८ मध्ये ती नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन त्याची मोटार काढून माहेरी निघाली. जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हा.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर लागलं ते असं! चढावर गाडी ओढेना, मुलांना ढकलावं लागलं. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. त्यांनी तो दिला. म्हणजे मोटारीच्या ब्रेकमधली आणि गिअरमधली पहिली सुधारणा माहेरी निघालेल्या एका बाईमुळे झाली. आता बोला!

कागदपत्रांचं आधी बघा

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरू नका. गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये याचे नियम आहेत. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्ही कामाला हात लावायच्या आधी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारलं, परवानगी घेतली आणि विमा कंपनीला पत्र दिलं. न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. तेव्हा नुकसान घराचंच.

घरात पन्नास वर्षांहून जुनी मोटार असेल, तर तिच्यासाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही आणि तिची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. म्हणजे आजोबांची डॉज मिरवायची की रोज वापरायची, ते आधी ठरवा.

कपडे धुणाऱ्या हातांसाठी

हे खास आपल्यासाठी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ श्वासातून गेली, तर फुप्फुसांचे आजार, अगदी कर्करोगही होऊ शकतो. परदेशात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. गॅरेजमधले कपडे झटकू नका, वेगळे भिजवा. नवं लायनर घेताना बॉक्सवर 'ॲस्बेस्टॉस-फ्री' लिहिलंय का, ते वाचा.

गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

• ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यातल्या मिठासारखं. ओल आली, की तापल्यावर तेलात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी बदला आणि झाकणावर लिहिलेल्या नंबरचंच घ्या.

• मास्टर सिलिंडर टँडम आहे का? रबरी नळ्यांना चिरा आहेत का?

• लायनर आणि पॅड किती उरलेत? काढलेले जुने भाग दाखवायला सांगा.

• काम झाल्यावर मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढली, तर तिथूनच परत करा.

• इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं, तर दाखवून घ्या.

• आणि आपली स्कूटी? अनेक जणी पडायच्या भीतीने फक्त मागचा ब्रेक दाबतात. दोन्ही ब्रेक एकदम, बेताने दाबायची सवय लावा. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एक ब्रेक दाबला, की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय किंवा एबीएस सक्तीचं आहे. तुमच्या गाडीला यातलं काय आहे, ते विचारून घ्या.

घरात गाडी घ्यायची, नाहीतर जुनी सजवायची चर्चा निघाली, की रंग, सीट कव्हर आणि गाण्यांची सिस्टीम आपल्याला विचारून ठरवतात. बाकीचं 'आम्ही बघतो' असतं. यापुढे त्या चर्चेत चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. खुर्ची ओढून बसा आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारा. इंजिन केवढं आहे, हे सांगायला घरात दहा जण असतात. गाडी थांबणार कशी, हे विचारायला एकजण तरी हवी ना!